वेळ नाही म्हणून नव्हे, रजा नाही म्हणून

एक सल्ला सध्या सगळीकडे फिरतोय: नोकरदाराला डॉक्टरकडे जायला वेळ नसतो, ताप, डोकेदुखी, पित्त अशा साध्या दुखण्यांच्या गोळ्या सगळ्यांना ठाऊक असतात, तेव्हा जुनी चिठ्ठी जपून ठेवावी, मेडिकलमधून गोळी आणावी आणि कामाला लागावं. यातला एकही मुद्दा टिकत नाही.

‘वेळ नसतो.’ शहरांत कितीतरी फॅमिली डॉक्टर रात्री नऊपर्यंत दवाखाना उघडा ठेवतात. मार्च २०२० पासून फोनवर आणि व्हिडिओवर सल्ला देण्याचे अधिकृत नियम आहेत. सरकारची ई-संजीवनी ही ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याची सेवा तर मोफत आहे. अर्धा तास निघतो. निघत नाहीत ते दोन दिवस, जे डॉक्टर ‘घरी पडून राहा’ म्हणून सांगतील. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ नैमित्तिक रजा आहेत, आजारपणाची वेगळी रजा नाही. गावचं लग्न, मुलांची शाळा, बँकेची कामं, यांत त्या आठ सहज संपतात. मग महिनाअखेरीला ताप आला की माणूस हजेरी लावता यावी म्हणून गोळी घेतो. अशा माणसाला बेफिकीर म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्याला तापात कामावर बोलावणाऱ्या साहेबाला कुणी का विचारत नाही?

‘साध्या गोळीने काय होतंय?’ हिशेब करून बघा. पॅरासिटामॉल ६५० दिवसातून चारदा, म्हणजे २६०० मिलिग्रॅम. सोबत सर्दीची गोळी चारदा. अशा अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल ५०० असतंच, म्हणजे आणखी २०००. झाले ४६००. मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे, आणि त्यापुढे धोका यकृताला. डोकेदुखीचंही तसंच. महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ वेदनाशामक घेतलं, तर त्या गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. रक्तदाबाची औषधं चालू असणाऱ्यांनी तर कंबरदुखीची गोळी मनाने घेऊच नये. मूत्रपिंडावर ताण येतो.

‘जुनी चिठ्ठी आहेच.’ ती त्या दिवशीच्या तपासणीची असते. गेल्या वर्षीच्या घशाला लागू पडलेलं अँटिबायोटिक यंदाच्या विषाणूवर काहीच करत नाही. पावसाळ्यात तर हे जिवावर बेतू शकतं: ताप डेंगीचा असेल आणि आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन पोटात गेलं, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

‘मेडिकलवाला देतो, म्हणजे चालतं.’ चालत नाही. काही अँटिबायोटिक्ससारखी औषधं सरकारच्या एच-१ यादीत आहेत, ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. त्यांच्यासाठी १ मार्च २०१४ पासून दुकानदाराला रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या वहीत नोंदवावं लागतं, ती वही तीन वर्षं ठेवावी लागते.

राहिलं पित्त. जेवणाच्या वेळा चुकल्या की जळजळ होते, हे खरं. पण छातीत दाब, घाम आणि डाव्या हातात कळ असेल, तर पित्ताची गोळी घेऊन मीटिंगला बसू नका. तडक इस्पितळ गाठा आणि ईसीजी काढा.