तिच्या खर्जाबद्दल दोन ओळी तरी हव्या होत्या

हाँगकाँगची गायिका अनिता मुई हिच्यावरचा तुमचा लेख वाचला. तिला 'हाँगकाँगची मॅडोना' म्हणून तो तिच्या पोशाखांवर आणि नाचावरच थांबला, याचं वाईट वाटलं. खरी संपत्ती तिचा आवाज होता. त्या काळी गायिकेचा आवाज गोड आणि चढा असावा अशी अपेक्षा असायची, आणि ही बाई मात्र खाली, जवळजवळ पुरुषी खर्जात गायची! तो आवाज तिने कष्टाने कमावला होता. लहानपणापासून थोरल्या बहिणीबरोबर लाय युएन या करमणुकीच्या बागेत आणि पुढे नाइट क्लबांत रात्र रात्र गाऊन गळ्यावर ताण आला, सूर खाली उतरला. तोच सूर घेऊन १९८२ मध्ये नव्या गायकांची पहिली स्पर्धा तिने जिंकली.

ती ज्या भाषेत गायची त्या कँटोनीजमध्ये स्वराची उंची बदलली की शब्दाचा अर्थच बदलतो, म्हणून शब्द चालीत नेमके बसवावे लागतात. हेडफोन लावून तिचं एखादं संथ गाणं ऐका. ओळीचा शेवटचा शब्द ती ओढत नाही, श्वासासकट हलकेच खाली ठेवते.

नोव्हेंबर २००३ मधल्या हाँगकाँग कोलिझियम या बंदिस्त स्टेडियममधल्या तिच्या शेवटच्या मैफली मी कितीदा तरी पाहिल्या आहेत. कर्करोगाने शरीर पोखरलेलं, अंगावर पांढरा लग्नाचा पोशाख, आणि गाणं मावळत्या सूर्याचं. आवाज थकलेला आहे, पण शब्द एकही सुटत नाही. मग पाठमोरी होऊन ती पायऱ्या चढून जाते. ३० डिसेंबरला ती गेली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी. तो व्हिडिओ अजूनही मला एका बैठकीत पुरा बघवत नाही.