उंदराने परकी कातडी स्वीकारली, म्हणून माणसाने गोळ्या सोडायच्या?

सध्या एक संदेश जोरात फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘शास्त्रज्ञांनी उंदरांना अँटिबॉडीचं एक इंजेक्शन दिलं आणि परका अवयव कायमचा टिकला. अँटिबॉडी शरीरातच तयार होते, म्हणून दुष्परिणाम शून्य. उंदराला लागू ते माणसाला लागू. औषध कंपन्यांनी हे दाबून ठेवलंय, कारण आयुष्यभराच्या गोळ्यांचा धंदा बुडेल.’ आणि शेवटी सल्ला, की प्रत्यारोपण झालेल्यांनी, शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या हळूहळू कमी कराव्यात.

यात खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच तो पटतो. अँटिबॉडी देऊन उंदरांमध्ये परकी त्वचा, हृदय, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी जास्त काळ टिकवता येतात, हे अनेक प्रयोगशाळांनी पुन्हा पुन्हा दाखवलंय. त्याबद्दल वाद नाहीच. वाद पुढच्या उड्यांबद्दल आहे.

‘एक इंजेक्शन, आणि कायमचा टिकला’

हे मोजतात कसं ते आधी बघू. काळ्या उंदराच्या पाठीवर पांढऱ्या उंदराच्या कातडीचा छोटा तुकडा बसवतात आणि वर पट्टी बांधतात. आठवडाभराने पट्टी काढली की रोज निरीक्षण सुरू. काहीच औषध दिलं नसेल तर दहा-बारा दिवसांत तो मऊ गुलाबी तुकडा निबर होतो, काळपट पडतो आणि खपलीसारखा गळून जातो. उपचार लागू पडला तर काळ्या पाठीवर पांढऱ्या केसांचा ठिपका उगवलेला दिसतो.

हृदयाची तऱ्हा आणखी वेगळी. दात्याचं हृदय दुसऱ्या उंदराच्या पोटात, तिथल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडतात. त्याचं स्वतःचं हृदय छातीत चालूच असतं, त्यामुळे पोटातलं बंद पडलं तरी उंदीर मरत नाही. संशोधक रोज दोन बोटांच्या चिमटीत पोट धरून ठोके लागतात का ते पाहतो. शोधनिबंधांत ‘दीर्घकाळ टिकलं’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा बहुतेकदा अर्थ इतकाच असतो की 100 दिवसांनंतरही ठोके लागत होते. ही कामगिरी मोठीच आहे, पण ‘कायमचा’ हा शब्द संदेश लिहिणाऱ्याच्या पदरचा.

‘एक इंजेक्शन’ही तसंच. 1996 साली गाजलेल्या प्रयोगात टी पेशींना, म्हणजे परक्या ऊतीवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना, चेतवणारे दोन वेगवेगळे संकेत एकाच वेळी अडवावे लागले होते, एक अँटिबॉडीने आणि दुसरा दोन प्रथिनांचे भाग जोडून बनवलेल्या एका जोडप्रथिनाने. शिवाय डोस सुरू होतात ते शस्त्रक्रियेच्या सुमारास, टी पेशी परक्या ऊतीला पहिल्यांदा भेटतात तेव्हा. ज्याची किडनी बदलून आठ वर्षं झाली, त्याची ती वेळ केव्हाच टळलेली असते.

‘उंदराला लागू ते माणसाला लागू’

याला एकच उदाहरण पुरेसं आहे. उंदरांच्या बऱ्याच जातींमध्ये परकं यकृत कोणत्याही औषधाविना टिकतं. गोळी नको, अँटिबॉडीही नको. हा नियम माणसाला लावून बघा!

फरक कुठून येतो? प्रयोगशाळेतला उंदीर निर्जंतुक केलेलं खाणं खात स्वच्छ पिंजऱ्यात वाढतो. त्याच्या टी पेशींनी जग पाहिलेलंच नसतं. आपण लहानपणापासून शेकडो जंतूंशी झगडलेले असतो आणि त्या झगड्यांच्या आठवणी बाळगणाऱ्या पेशींचा साठा आपल्यात असतो. यातल्या काही पेशी योगायोगाने परक्या अवयवावरही तुटून पडतात. 2003 साली संशोधकांनी उंदरांना आधी वेगवेगळ्या विषाणूंचा संसर्ग घडवला आणि मग नेहमीचा उपचार केला. ज्या उपचाराने एरवी कातडी टिकायची, तोच उपचार आता फसला. म्हणजे उंदीर थोडासा आपल्यासारखा ‘अनुभवी’ केला, तरी जादू ओसरते.

‘दुष्परिणाम शून्य’

या मुद्द्याचा मला खरंच राग येतो, कारण इथे माणसांनी किंमत मोजलेली आहे. वर सांगितलेल्या 1996च्या प्रयोगातल्या अँटिबॉडीचं लक्ष्य होतं टी पेशींवरचं सीडी40 लिगँड नावाचं प्रथिन. उंदरांत काम झालं. माकडांमध्येही त्याच लक्ष्यावरच्या अँटिबॉडीने किडन्या दीर्घकाळ टिकल्या. माणसांवर चाचण्या सुरू झाल्या आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ लागल्या, तेव्हा त्या थांबवाव्या लागल्या. कारण नंतर उलगडलं. अँटिबॉडीच्या शेपटीला पकडणारा एक रिसेप्टर (पेशीवरचं पकडप्रथिन) माणसाच्या प्लेटलेट्सवर, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींवर, असतो, उंदराच्या प्लेटलेट्सवर तो नसतोच. मग उंदरात धोका दिसणार कसा? आता शेपटी बदललेल्या नव्या अँटिबॉडींच्या चाचण्या माणसांवर चालू आहेत. हे काम असंच पुढे सरकतं, चुकत-सुधारत.

2006 मध्ये लंडनला सहा निरोगी स्वयंसेवकांना टी पेशींवरच्या सीडी28 या प्रथिनावर काम करणारी टीजीएन1412 ही अँटिबॉडी दिली गेली. माकडांनी ती सहज पचवली होती. हे सहाही जण काही तासांत अत्यवस्थ होऊन अतिदक्षता विभागात गेले. सुदैवाने सगळे वाचले. ‘शरीरातच तयार होते’ हा सुरक्षिततेचा दाखला नव्हे.

‘कंपन्यांनी दाबून ठेवलं’

इतकं उघड्यावर दाबलेलं दुसरं काही नसेल. टी पेशींविरुद्धचं प्राण्यांचं सीरम 1960च्या दशकातच माणसांत वापरलं गेलं. 1986 मध्ये अमेरिकेत माणसासाठी मंजूर झालेली पहिलीच मोनोक्लोनल (एकाच लक्ष्यावर बसणारी, एकसारखी बनवलेली) अँटिबॉडी, ओकेटी3, ही किडनीचं रिजेक्शन रोखण्यासाठी होती. 1998 पासून बॅसिलिक्सिमॅब ही अँटिबॉडी आहे आणि ती आजही प्रत्यारोपणाच्या वेळी दिली जाते. 2011 मध्ये बेलाटासेप्ट हे जोडप्रथिन आलं. ही औषधं बनवतं कोण? कंपन्याच, आणि ही औषधं गोळ्यांपेक्षा स्वस्त नसतात. मग धंदा बुडण्याच्या भीतीने नेमकं काय दाबलं, हे संदेशकर्त्याने सांगावं.

‘गोळ्या हळूहळू कमी करा’

गोळ्यांविना जगणारे काही रुग्ण खरोखर आहेत. बोस्टनच्या एका गटाने 2008 मध्ये पाच जणांचा अहवाल दिला. किडनीबरोबर त्याच दात्याची अस्थिमज्जा, आधी केमो, टी पेशी जिथे घडतात त्या थायमस ग्रंथीवर किरणोपचार, टी पेशींविरुद्ध अँटिबॉडी, आणि मग डॉक्टरांच्या नजरेखाली गोळ्या बंद. चौघांना ते साधलं. पाचव्याची किडनी गेली, आणि ती घालवली त्याच्या स्वतःच्या शरीराने दात्याविरुद्ध बनवलेल्या अँटिबॉडींनी.

ही बाजू संदेशात नाहीच. बाहेरून दिलेली अँटिबॉडी अवयव वाचवू शकते, तशी शरीराने दात्याविरुद्ध बनवलेली अँटिबॉडी त्याचा घास घेते, आणि अशा अँटिबॉडी तयार होण्याचं एक मोठं कारण म्हणजे चुकवलेल्या गोळ्या. त्या एकदा तयार झाल्या की परतवणं फार अवघड. सुरुवातीला दुखत नाही, सूज नाही, लघवीही नेहमीसारखी होते. फक्त पुढच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघतं, म्हणजे किडनीचं काम मंदावलेलं असतं. गोळ्यांनी हात थरथरत असतील, साखर वाढत असेल, तर डोस बदलता येतो आणि कधी औषधही, पण ते रक्तातली औषधाची पातळी बघून तुमचा प्रत्यारोपणतज्ज्ञ ठरवतो.