समसमान वाटणी: दोन मुलांच्या आईबाबांना थोडं मार्गदर्शन

थोरल्याला खेळायला सोबत हवी म्हणून तुम्ही दुसऱ्याचा विचार केलात, हे फार चांगलं केलंत. दोघं मिळून खेळतील, एकमेकांना सांभाळतील आणि तुम्हाला दोन घटका टेकायला मिळेल. हा हिशेब ज्यांना ज्यांना सुचला, त्या सगळ्यांना तो एकच मूल असताना सुचला. असो. आता घरात दोघं आहेतच, तर एक तत्त्व पक्कं करून टाका: डावं-उजवं करायचं नाही, दोघांना अगदी समान वागवायचं. फक्त ‘समान’ म्हणजे किती, हे त्या दोघांना विचारायला जाऊ नका.

सुरुवात झोपेपासून करा. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात तीन महिन्यांपर्यंतच्या बाळाला दिवसाकाठी 14 ते 17 तास झोप सांगितली आहे आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास. अगदी कमीत कमी धरा: 14 आणि 10 मिळून 24. म्हणजे तुमच्या घरात रोज पुरे 24 तास कुणी ना कुणी झोपू शकतं, आणि तसंच होतं! एक डोळे मिटतं, दुसरं उघडतं. पाळ्या इतक्या चोख लागलेल्या असतात की कुठल्याही पहारेकऱ्यांनी मान खाली घालावी. तरी तुम्हाला झोप मिळत नसेल, तर दोष तुमच्या नियोजनाचा आहे.

‘बाळ झोपलं की आपणही झोपून घ्यावं’ हा सल्ला देणारी माणसं तुम्हाला भेटतीलच. सल्ला निष्ठेने पाळा. बाळाला अलगद खाली ठेवा, श्वास रोखून आडवे व्हा. मग थोरलं तुमच्या पोटावर येऊन बसेल आणि बाळ उठू नये म्हणून हळू आवाजात, म्हणजे शेजारच्यांना ऐकू जाईल इतक्याच हळू, विचारेल, “बाबा, तू झोपलास?”

टीव्ही-मोबाइलबद्दल त्याच सूचना आणखी सोप्या आहेत. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत मुळीच नको. त्यापुढे दिवसाला फार तर 1 तास, कमी असेल तर उत्तम. तुमचं थोरलं चार वर्षांचं आणि धाकटं दीड वर्षाचं असेल, तर एकाच खोलीत एकाच पडद्यासमोर एकाला 1 तास आणि दुसऱ्याला शून्य, एवढं जमवायचं आहे. धाकट्याची मान भिंतीकडे वळवून धरा. एका हाताने त्याची मान आणि दुसऱ्या हाताने रिमोट धरला की स्वयंपाकाला तुमचे दोन्ही हात मोकळेच.

कुठलीच वस्तू दोघं वाटून घेत नाहीत, अशी तक्रार मात्र करू नका. सर्दी घेतात. लहान मुलांना वर्षाकाठी सहा ते आठ वेळा सर्दी होणं सर्वसाधारण समजलं जातं. त्यात दोघं एकमेकांवर एवढी माया करतात की थोरल्याचं नाक कोरडं होताच धाकट्याचं वाहू लागतं. उरलेली आईबाबांना मिळते. हीच काय ती घरातली खरीखुरी न्याय्य वाटणी.

आता मुख्य मुद्दा: पाण्याचे पेले. धाकटं दोन वर्षांचं झालं, स्वतःच्या हाताने प्यायला लागलं, की इथे फार सावध राहा. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्यायचं आणि मुलाच्या डोळ्यांदेखत त्यातल्या एकातलं पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतायचं. साधारण सात वर्षांच्या आतलं मूल बहुधा सांगतं की उंच पेल्यात जास्त पाणी आहे. पियाजे यांना स्वतःला तीन मुलं होती आणि त्यांचं बारकाईनं निरीक्षण करून त्यांनी पुस्तकं लिहिली. घरात एक माणूस बसून निरीक्षण करतो तेव्हा सांडलेलं पाणी दुसरं कुणीतरी पुसत असतं, असं मी म्हणत नाही. आमच्या घरी तसं म्हटलं जातं.

उपाय सरळ आहे: एकाच आकाराचे, एकाच रंगाचे दोन पेले आणा. मग “यातला माझा कुठला?” असा प्रश्न निघेल. खुणेसाठी एकावर हत्तीचं आणि एकावर सशाचं स्टिकर लावा. मग दोघांनाही हत्ती हवा असेल. दोन्हींवर हत्ती लावा. मग पुन्हा, “यातला माझा कुठला?” या टप्प्यावर खचून न जाता ती जुनी, हमखास युक्ती काढा: एकाने वाटायचं, दुसऱ्याने आधी निवडायचं. वाटणारा आपल्या वाट्याला कमी येऊ नये म्हणून आपोआप सारखं वाटतो. युक्तीत खोट काढायला जागाच नाही. आमच्या थोरल्याने जीभ बाहेर काढून, डोळे बारीक करून, पाच मिनिटं थेंब थेंब ओतून दोन्ही पेले सारखे केले. धाकट्याने दोन्ही निवडले.

मुलंच ती, त्यांना एवढी समज कुठली. मोठ्या माणसांचं तसं नसतं. म्हणून नवरा-बायकोंनी दमण्याचा हिशेब मात्र चोख ठेवावा. रात्री कोण किती वेळा उठलं, याची नोंद उजाडायच्या आत व्हायला हवी. नाहीतर पुरावे पुसले जातात. समजा, ती रात्रीतून चार वेळा उठली, दर वेळी दहा मिनिटं. तुम्ही एकदाच उठलात, पण धाकट्याला खांद्यावर टाकून सलग चाळीस मिनिटं येरझाऱ्या घातल्यात. तुमचं म्हणणं ठामपणे मांडा: सलग चाळीस मिनिटं म्हणजे किती उंच, बघ! ती म्हणेल, चार वेळा झोपमोड म्हणजे किती रुंद, बघ. दोघंही सात वर्षांच्या पुढचे आहात, तेव्हा घाई करू नका, शांतपणे पटवत राहा. आवाज चढवायचा नाही. पहाटेचे तीन ही वेळ त्याला उत्तम, कारण दोघंही जागे असण्याची खात्री असते.

एवढ्यात दाराशी बारीक पावलं वाजतील. थोरल्याला पाणी हवं असणार, हत्तीच्या पेल्यातलं. वाद जागच्या जागी थांबवा आणि दोघांनीही एकाच क्षणी झोपेचं सोंग घ्या. दिवसभरात साधलेली ही तुमची पहिली समानता असेल. तोंडावर ऊन ऊन श्वास येईल.

“बाबा, तू झोपलास?”

अजिबात हलू नका. पांघरुणाखालून बरगडीत एक कोपर येईल. ते मोजून ठेवा, सकाळच्या हिशेबात धरायचं आहे.