खरवडून आणलेला बार्नकल जगत नाही

विज्ञान प्रदर्शनांचे दिवस आले की शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. समुद्रावर गेलात तर खडकावरचे बार्नकल (खडकाला चिकटून राहणारे छोटे, कवचाचे समुद्री जीव) सुरीने खरवडून आणा, बरणीत मिठाच्या पाण्यात ठेवा. हा शिंपल्याचाच प्रकार, त्याला खायला काही लागत नाही, उलट तो पाणी स्वच्छ करतो, आणि महिनाभर मुलांना पाहता येतो. मुलांना जिवंत समुद्री जीव दाखवण्याची धडपड मला मनापासून आवडते. पण या मजकुराप्रमाणे वागलं तर तो जीव वर्गातच मरतो.

सुरुवात खरवडण्यापासून करू, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. बार्नकलची अळी पाण्यात तरंगत वाढते. शेवटच्या, म्हणजे सायप्रिड अवस्थेत ती काही खातही नाही, फक्त जागा शोधते. जागा पसंत पडली की डोक्याच्या बाजूने स्वतःला चिकटवून घेते आणि मग जन्मभर तिथेच राहते. आपल्या बंदरांत आणि खाड्यांत सर्रास दिसणाऱ्या ॲम्फिबॅलॅनस ॲम्फिट्राइट या जातीचं बूडही चुन्याचं असतं. सुरी घातली की ते फुटतं आणि आतलं मऊ अंग उघडं पडतं. काही जातींचं बूड तर नुसत्या पातळ पडद्याचं असतं.

शिंपल्याचा प्रकार? कवच पाहून मोठमोठे निसर्गशास्त्रज्ञही फसले होते. 1830 मध्ये जॉन व्हॉन थॉम्प्सन यांनी अळ्यांचा अभ्यास करून दाखवलं की हे कोळंबी-खेकड्यांच्या गोतातले प्राणी आहेत. पुढे डार्विनने आठ वर्षं यांच्यावरच घालवली. वर्गात या फरकाला महत्त्व आहे, कारण बार्नकल कवचाच्या आतली कात टाकतो. पाण्यात पायांच्या आकाराची पारदर्शक कात तरंगताना दिसली की मुलांना वाटतं प्राणी मेला, आणि धडधाकट बार्नकल फेकून दिला जातो.

उलटी फसगत याहून जास्त होते. बार्नकल मेला तरी कवच जागच्या जागी राहतं. उपाशी प्राणी कवचाच्या तोंडावरचं दार मिटून बसतो, तेव्हा बाहेरून काहीच कळत नाही. ‘महिनाभर टिकला’ हे अनुभव मला वाटतं बहुतेक असेच, रिकाम्या कवचाकडे पाहून सांगितलेले असावेत. त्याला अन्न लागतंच. पिसांसारखे सहा जोड पाय बाहेर काढून तो पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतो. टाकीत ठेवायचा तर पाणी खेळतं हवं आणि आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्या जिवाची) अंड्यातून नुकती बाहेर पडलेली पिल्लं वरचेवर घालावी लागतात.

पाणी स्वच्छ करण्याबद्दल एवढंच: तो तरंगणारे कण गाळतो, विरघळलेला अमोनिया नाही. दोन-चार बार्नकल मेले की छोट्या बरणीतलं पाणी तेच नासवतात. स्वयंपाकाचं मीठ घालूनही समुद्राचं पाणी होत नाही. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम असे बरेच क्षार लागतात.

मग दाखवायचं कसं? ओहोटीला बार्नकल बसलेला सुटा शिंपला किंवा छोटा गोटा उचला, तिथल्याच पाण्याच्या बादलीत सावलीत ठेवा, तासाभरात पाहून घ्या आणि होता त्याच जागी, तीच बाजू वर ठेवून परत करा. थोडा वेळ शांत ठेवलं की पाय बाहेर येऊन पाणी ओढू लागतात. आता वरून हात फिरवा: सावली पडताच दार मिटतं. कोणतंही उपकरण न लागता एवढं स्पष्ट उत्तर देणारा प्राणी शाळेला दुसरा मिळणं कठीण.

गोटा उचलताना त्यावर प्रवाळ नाही ना, हे नीट बघा. प्रवाळ गोळा करायला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. 1987 पासून अभयारण्य असलेल्या मालवणच्या सागरी भागातून परवानगीशिवाय काहीच उचलू नका. पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर ओंडके, बाटल्या, चपला वाहून येतात, आणि त्यांवर देठाचे लेपास बार्नकल लगडलेले असतात. ते वाळूवर मरणारच असतात. अभ्यासासाठी न्यायचे तर ते न्या, चपलेसकट.