दुष्काळात तेरावी फेरी

रात्री पावणेअकराला फोन वाजला की माणसाच्या मनात नको नको ते येतं. माझ्या मनात एकच येतं : मार्सियानो.

"भाऊजी, झोपला नाहीत ना? एकच सांगा. 1988 सालचा टायसन आणि बाबांचा तो मार्सियानो. किती फेऱ्या टिकेल?"

मागून सासऱ्यांचा आवाज येतो, "आधी वजन धर म्हणावं, वजन! वजनाशिवाय लढत ठरत नसते."

सासऱ्यांच्या लेखी अमेरिकन बॉक्सर रॉकी मार्सियानो देवाच्या खालोखाल. 49 लढती, 49 विजय, त्यातले 43 नॉकआउट आणि 1956 साली सन्मानाने निवृत्ती. हे आकडे ते पाढे म्हटल्यासारखे म्हणतात. मार्सियानो निवृत्त झाला तेव्हा सासरे रांगत होते, हा विषय घरात कोणी काढत नाही. फोन करणाऱ्या मेहुण्याचा देव बॉक्सर माइक टायसन. 1986 साली, विसाव्या वर्षी जगज्जेता. आणि मेहुणा जन्माला आला 1990 मध्ये, ज्या वर्षी टोकियोत बस्टर डग्लसने टायसनला आडवं केलं. म्हणजे एकाचा देव त्याला कळू लागायच्या आत घरी बसला आणि दुसऱ्याचा देव तो पाळण्यात असताना पडला. दोघांनाही दर्शन झालंय ते मोबाइलवर, चार-चार मिनिटांच्या तुकड्यांत. त्या तुकड्यांत कोणी कधी हरत नाही.

या वादात पंच मी. निर्णय देणाराही पंच आणि ठोसाही पंच, हे दोन अर्थ एकाच शब्दात का राहतात ते मला लग्नानंतर समजलं. मेहुण्याच्या बाजूने बोललो तर सासरे नुसतं "हं" म्हणतात, आणि तो "हं" टायसनच्या अपरकट ठोशापेक्षाही खालून येतो. सासऱ्यांच्या बाजूने बोललो तर मेहुणा आठवडाभर बायकोच्या फोनवरून मला टोमणे पाठवतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ही म्हण ज्याने काढली, त्याचं सासर नक्की बॉक्सिंगवेडं असणार.

लढत काल्पनिक असली तरी करार खरा लागतो. वजनापासून सुरुवात. मार्सियानो साधारण 84 किलोचा, टायसन ऐन भरात 99 च्या आसपास. तीन वर्षांचं मूल कडेवर घेतलं की मार्सियानोचा टायसन होतो. आजच्या गटवारीत हेवीवेट हा वजनदारांचा गट 200 पौंडांच्या, म्हणजे 90.7 किलोंच्या वर सुरू होतो. मार्सियानो जाणार त्याखालच्या क्रूझरवेटमध्ये, आणि तो गट तर त्याच्या काळी नव्हताच. सासरे म्हणतात, त्याला आजचा आहार द्या, आजचा व्यायाम द्या, मग बघा. मेहुणा म्हणतो, पंधरा किलो वाढवल्यावर तो मार्सियानो कुठे राहिला, बाबा?

मग टायसन कोणता घ्यायचा? मेहुण्याला मायकल स्पिंक्सला 91 सेकंदांत झोपवणारा हवा. सासऱ्यांना टोकियोचाच हवा. मला विचाराल तर सगळ्या गणिताचं माप त्या टोकियोने काढलंय. डग्लसवर सट्टेबाजांचा भाव होता 42 ला 1. त्याची आई काही आठवड्यांपूर्वीच वारलेली. आठव्या फेरीत तो खाली पडला, उठला आणि दहाव्या फेरीत जिंकला. हे कुठल्या रकान्यात लिहायचं? पण पंचाने मत द्यायचं नसतं.

खरी हाणामारी फेऱ्यांवर होते. सासऱ्यांच्या काळात (ते हेच शब्द वापरतात) जगज्जेतेपदाची लढत 15 फेऱ्यांची. 1982 मध्ये किम डुक-कू हा कोरियन बॉक्सर चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांनी गेला. त्यानंतर फेऱ्या 12 वर आल्या. इथे मात्र वाद घालताना दोघेही क्षणभर थांबतात. क्षणभरच.

कारण पुढे 1952 सालचं फिलाडेल्फिया येतं. जर्सी जो वॉलकॉटने मार्सियानोला पहिल्याच फेरीत खाली बसवलं होतं. बारा फेऱ्या झाल्या तेव्हा तिन्ही गुणपत्रिकांवर मार्सियानो मागे. आणि तेराव्या फेरीत उजव्या हाताचा एकच ठोसा असा बसला, की वॉलकॉट दोराला लटकत खाली घसरला. मार्सियानो जगज्जेता! आता लढत 12 फेऱ्यांचीच ठेवली तर तो त्या रात्री हरतो, 49 पैकी एक जातो आणि सासऱ्यांचा पाढा मोडतो. त्यामुळे ते पंधरावर ठाम आणि मेहुणा बारावर. लोकांचा दुष्काळात तेरावा महिना येतो, माझ्या वाट्याला तेरावी फेरी आली आहे. एकदा मध्यममार्ग म्हणून मी साडेतेरा फेऱ्या सुचवल्या. त्या रात्री बापलेकांनी एकमताने "हं" केलं.

मला सहानुभूती वाटते ती रूबी गोल्डस्टीनबद्दल. 1952 च्याच जूनमध्ये न्यूयॉर्कला शुगर रे रॉबिन्सन आणि जोई मॅक्सिम लढले, तेव्हा हा पंच होता. उकाडा असा भयंकर की गुणांवर पुढे असलेला रॉबिन्सन चौदाव्या फेरीला उठूच शकला नाही. पण त्याच्याही आधी, दहाव्या फेरीनंतर, गोल्डस्टीनच गळाठला. त्याच्या जागी दुसरा पंच आणला. मला बदली पंच कोण देणार? बायकोला विचारलं होतं. ती म्हणाली, "माझं माहेर बघूनच तू लग्न केलंस."

एकदा मी तर्काने सोडवायला गेलो. म्हटलं, बघा, 1971 मध्ये जो फ्रेझरने मुहम्मद अलीला हरवलं. 1973 मध्ये जॉर्ज फोरमनने फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. म्हणजे हिशेबाने फोरमन अलीचा भुगा करणार. आणि 1974 मध्ये आफ्रिकेत किन्शासाला काय झालं? अली दोरांना टेकून मार खात राहिला, फोरमन ठोसे मारून मारून दमला आणि आठव्या फेरीत अलीने त्याला लोळवलं. म्हणजे अ ने ब ला आणि ब ने क ला हरवलं, तरी क समोर अ चं काय होईल हे सांगता येत नाही. मी समाधानाने मागे टेकलो. दोन मिनिटं शांतता. मग मेहुणा म्हणाला, "म्हणजे टायसन फोरमनला हरवेल." सासरे म्हणाले, "म्हणजे मार्सियानो तिघांनाही."

(मी स्वतः अलीचा. सासरी हे कोणालाच ठाऊक नाही.)

सुटकेचा रस्ता शेवटी अलीनेच दाखवला. 1967 मध्ये अमेरिकेत रेडिओवर सर्व काळांतल्या हेवीवेटची संगणकी स्पर्धा झाली. तीत अली हरला तो 1905 मध्येच निवृत्त झालेल्या जिम जेफ्रीजकडून. अली भडकला आणि त्याने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. काल्पनिक पराभवावर खरा दावा! माझा जीव याच माणसावर का जडला ते कळलं असेल. पुढे 1969 मध्ये त्याला आणि मार्सियानोला समोरासमोर उभं करून कॅमेऱ्यापुढे लुटुपुटीचं लढवलं. पंचेचाळिशीच्या मार्सियानोने त्यासाठी वजन उतरवलं, डोक्यावर टोप चढवला. शेवट मात्र वेगवेगळे चित्रित केले, कुठला लावायचा ते संगणक सांगणार. लोकांनी ते पाहिलं 1970 च्या जानेवारीत. तोवर मार्सियानो विमान अपघातात गेला होता. अमेरिकेत दाखवलं की मार्सियानो जिंकला. कितव्या फेरीत? तेराव्या! आणि युरोपात दाखवलेल्या प्रतीत जिंकला अली.

हे वाचलं आणि मला साक्षात्कार झाला. संगणकाने जे केलं ते जावयाने का करू नये?

मी मेहुण्याला आवाजी संदेश पाठवला : "कोणाला सांगू नकोस, पण टायसन, चौथी फेरी." सासऱ्यांना दुसरा : "बाबा, आपल्यातच ठेवा. मार्सियानो. तेरावी फेरी." तीन आठवडे फोन आला नाही. पावणेअकराला मी घोरत असे.

मग रविवारी सासरी गेलो. बापलेक एकाच सोफ्यावर, खांद्याला खांदा लावून बसलेले. मध्ये दोन मोबाइल. मेहुण्याने एकावर बोट ठेवलं, माझा आवाज आला, "टायसन, चौथी फेरी." सासऱ्यांनी दुसऱ्यावर ठेवलं. मी बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती.

"भाऊजी, पंच म्हणून मानत होतो तुम्हाला," मेहुणा बाह्या सावरत म्हणाला.

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, मला नखशिखान्त न्याहाळलं आणि शांतपणे विचारलं, "जावईबापू, तुमचं वजन किती?"