‘डावपेच’ हा शब्द आणि वानरांची पिल्लं

नमस्कार,

वानरांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी परत वाचली. तुमचे आक्षेप दोन. वानरीच्या वागण्याला मी ‘डावपेच’ म्हटलं, म्हणजे माणसाचं मन तिच्यावर लादलं. आणि हुप्प्याने, म्हणजे टोळीच्या म्होरक्या नराने, पिल्लं मारणं हा माणसांनी खाऊ घातल्यामुळे झालेला बिघाड आहे, निसर्ग नव्हे.

पहिला आक्षेप मान्य. वानरीच्या मनात काय चाललंय ते मला दिसत नाही. भीमाशंकरच्या जंगलात मला दिसली ती शेपूट खाली टाकून हुप्प्याकडे पाठ केलेली मादी. डोकं अशी झडझडून हलवत होती, जणू हुडहुडी भरली आहे. वहीत ‘बोलावलं’ असं लिहायचं नसतं. वेळ, कोणती मादी, डोकं हलवलं, नर उठला का. तो उठला नाही, तर तेही लिहायचं. जिकडे गडबड तिकडे दुर्बीण वळवायचा मोह फार होतो, पण ठरवलेल्या वानराकडेच ठरलेली मिनिटं बघायचं, मग ते पेंगत का असेना. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी १९७४ साली निरीक्षणाच्या पद्धती नीट तपासून मांडल्या, तेव्हापासून ही शिस्त रुजली.

दुसरा आक्षेप मात्र मला पटत नाही. नवा हुप्प्या टोळी ताब्यात घेतो आणि अंगावर पिणारी पिल्लं मरतात, हे जपानी अभ्यासक सुगियामांनी १९६०च्या दशकात धारवाडजवळ नोंदवलं. ही गर्दीमुळे झालेली विकृती असावी, अशी तुमच्यासारखीच शंका तेव्हा अभ्यासकांनीही घेतली होती. राजस्थानातल्या अबूच्या वानरांवर काम केलेल्या अभ्यासक सारा हर्डी यांचं म्हणणं वेगळं: पाजणारी मादी माजावर येत नाही, पिल्लू गेलं की लवकर येते, आणि मग नव्या नराची स्वतःची पिल्लं होतात. हे खरं असेल तर नर स्वतःची पिल्लं मारणार नाही. ते तपासता येतं! नेपाळमधल्या रामनगरच्या जंगलात वानरांना कुणी खाऊ घालत नव्हतं, तरी पिल्लं मारली गेली. विष्ठेतल्या डीएनएवरून बाप शोधले. १९९९ साली निष्कर्ष आला, मारणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते.

खाऊ घालण्याने वानरांचं वागणं बिघडतं हे तुमचं खरंच आहे, बिस्किटं देऊच नयेत. पण पिल्लं मारण्याचं मूळ तिथे नाही.

गाभण मादीही बाहेरच्या नरापुढे तसंच डोकं हलवते. बाप कोण हे नराला कळू नये म्हणून, असा हर्डी यांचा अंदाज. मी ‘डावपेच’ म्हटलं ते यालाच. लेखातला तो शब्द काढून तिथे ‘वर्तन’ घातलं आहे.