‘नाइस’ म्हणजे मूर्ख नव्हे आणि ‘गुड’ ‘गॉड’वरून आलेला नाही

इंग्रजी शिकणाऱ्यांमध्ये एक संदेश फिरतो आहे : ‘नाइस’चा मूळ अर्थ मूर्ख, म्हणून कुणालाही नाइस म्हणू नका, ‘गुड’ हा शब्द ‘गॉड’वरून आला, म्हणून तो पवित्र, आणि कौतुक करताना दोन्हींचा अर्थ एकच, तेव्हा सगळीकडे ‘गुड’च वापरा. यातला पहिला दावा अर्धवट, दुसरा साफ चूक, आणि तिसऱ्याने शिकणाऱ्याचं खरंच नुकसान होतं.

लॅटिनमधल्या ‘नेस्कियस’ म्हणजे अजाण या शब्दापासून ‘नाइस’ फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. १३०० च्या सुमारास त्याचा अर्थ मूर्ख असाच होता, हे मान्य. पुढे भित्रा, चोखंदळ, काटेकोर असे अर्थ बदलत १८ व्या शतकात तो ‘छान’पर्यंत पोहोचला. पण शब्दाचा आजचा अर्थ आज तो बोलणारी माणसं ठरवतात. ‘मुग्ध’ आणि ‘मूढ’ एकाच संस्कृत धातूपासून झालेत. म्हणून मुलीचं नाव मुग्धा ठेवणाऱ्यांना कुणी अडवतं का?

‘गुड’ आणि ‘गॉड’ जुन्या इंग्रजीतही वेगळेच होते. एकातला स्वर दीर्घ, दुसऱ्यातला ऱ्हस्व. जर्मनमध्येही ‘गूट’ आणि ‘गॉट’ असे दोन निराळे शब्द आहेत. घोटाळा ‘गुडबाय’मुळे होत असावा. तो ‘गॉड बी विथ यू’चा आटलेला अवतार आहे खरा, पण ‘गुड’ तिथे ‘गुड डे’च्या धर्तीवर नंतर शिरला.

आता तिसरा दावा. हवेला गुड म्हटलं काय, नाइस म्हटलं काय, फारसं बिघडत नाही. माणसाबद्दल बोलताना मात्र बिघडतं. ‘गुड डॉक्टर’ म्हणजे ज्याचं निदान चुकत नाही असा. ‘नाइस डॉक्टर’ म्हणजे आपुलकीने बोलणारा. त्याच्या निदानाबद्दल त्यात एक अक्षर नाही. गणितात हुशार मुलगी ‘गुड ॲट मॅथ्स’ असते, ‘नाइस ॲट मॅथ्स’ कधीच नाही. मुलाला ‘बी गुड’ म्हटलं तर शहाण्यासारखं वाग, ‘बी नाइस’ म्हटलं तर समोरच्याला दुखवू नकोस. गुणवत्ता, कौशल्य, सचोटी ‘गुड’कडे, सहवासातला गोडवा ‘नाइस’कडे. म्हणूनच एखाद्याच्या कामाबद्दल शिफारसपत्र लिहिताना फक्त ‘नाइस’ लिहिलंत, तर वाचणारा विचारणारच : स्वभाव कळला, काम कसं करतो?